उघडी ठेवलेली तक्रार

त्या संध्याकाळी चित्र थांबलं नाही. एवढंच झालं होतं. मी जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो, टॅब्लेट पाण्याच्या जगला टेकवून उभा केलेला, आणि त्यात लेक बोलत होती. तिच्याकडे सकाळ होती. खांद्यावर टॉवेल, केस ओले, एका हातानं पावाला लोणी लावणं चाललेलं. ती ज्या दातांच्या दवाखान्यात काम करते तिथं नवीन खुर्ची आलीय, इतकी मऊ की पेशंट तोंड उघडं ठेवूनच झोपतात, असं ती सांगत होती. मी मान हलवत होतो आणि वाट बघत होतो. एरवी इतक्यात कुठंतरी चित्र थांबायचं. तिचं तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला, सुरी हवेत, आणि वर ते गोल गोल फिरणारं चिन्ह. मग मी उठून पाणी पिऊन यायचो, खिडकी लावून यायचो. परत येईतो ती दुसऱ्याच विषयावर असायची, किंवा तिला कामाला निघायची वेळ झालेली असायची. त्या दिवशी ती पेशंटवर हसली, ते हसू पूर्ण झालं, लोणी लावून झालं, पाव खाऊन झाला, तिनं बोटं पुसली आणि माझ्याकडे बघितलं. मधे काहीच आलं नाही. समोरासमोर बसल्यासारखे आम्ही बसलो होतो. "काय झालं बाबा?" "काही नाही. थांबत नाहीये." "काय?" "चित्र." "मग चांगलंय की." "चांगलंच आहे," मी म्हणालो. ती जरा पुढं सरकली. "बाबा, एक विचारू? त्या शेवटच्या दिवशी आई..." आणि मी म्हणालो, "तुझा आवाज कापला जातोय गं," आणि लाल बटण दाबलं. चेहरा विझायच्या आधी मला तो स्वच्छ दिसला, भुवईजवळची लहानपणची खूणसुद्धा. आवाज कापला जात नव्हता हे तिला कळलं होतं.

आमच्या इमारतीत इंटरनेटची एकच कंपनी. इमारतच कशाला, चौकापासून पुलापर्यंत दुसरी कुणी नाहीच. इमारत बांधली तेव्हाच बांधणाऱ्यानं तिच्याशी करार केला होता, आणि भिंतीतून जी नळी वर येते तिच्यात फक्त तिचीच वायर. आम्ही राहायला आलो तेव्हा त्यात वावगं वाटलं नाही. पाण्याचा नळ एक, विजेचा मीटर एक, तशी ही वायर एक. मग लेक परदेशी गेली आणि त्या वायरीवर आमच्या संध्याकाळी लटकल्या. वायर खराब होती. पाऊस असो नसो, सुट्टी असो नसो, सगळे घरी आले की ती दमायची. खालच्या मजल्यावरचे बँकवाले दर महिन्याला जिन्यात उभे राहून ओरडायचे, "मी ही कंपनी सोडतोय!" बायको वरून विचारायची, "आणि जाताय कुठं?" ते बिचारे परत घरात जायचे. दुसरीकडे जायला दुसरीकडे काही नव्हतं. ती म्हणायची, "अहो, दुसरं दुकान असलं की माणूस नुसता निघून जातो. आपल्याला निघून जाता येत नाही, म्हणून आपल्याला भांडता तरी नीट आलं पाहिजे." आणि ती भांडायची, पण तिचं भांडण म्हणजे मोठा आवाज नाही. नोकरीभर ती इस्पितळाच्या टेलिफोनवर बसली होती. घाबरलेली माणसं, प्यायलेली माणसं, चुकीचा नंबर लावून तासभर रडणारी माणसं, सगळ्यांशी ती एकाच सुरात बोलत आली. निवृत्त झाल्यावर तो सूर रिकामा पडला होता. कंपनीच्या हेल्पलाइननं त्याला काम दिलं.

पहिल्यांदा फोन लावला तेव्हा मी शेजारी वाटाणे सोलत होतो. तिनं स्पीकर लावला होता. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, एका दमात, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत मॅडम." बायकोनं विचारलं, "कुठली गैरसोय?" "जी?" "मी अजून सांगितलीच नाही ना. आधी ऐक, मग दिलगीर हो." पलीकडे काहीतरी दाबल्यासारखं झालं. हसू होतं ते. बायकोचा चेहरा उजळला. "हां, आता कशी माणसासारखी आलीस फोनवर. श्वास घे. नाव सांग. घाई कुणालाच नाहीये, वायरीला तर मुळीच नाही." त्यानंतर ती फोन लावून थेट सांगायची, "त्या हसणाऱ्या मुलीला द्या." मुलगी यायची. बायको तिला धाकटी म्हणायची, म्हणजे नोकरीत आपल्यापेक्षा धाकटी या अर्थानं, पण नंतर नंतर घरातलीच कुणी धाकटी असल्यासारखं ते आमच्या बोलण्यात बसलं. धाकटीला आज सर्दी होती. धाकटीच्या साहेबानं तिला झापलं. धाकटीनं आज कागदावरचं वाचलं नाही, स्वतःच्या मनानं बोलली. वायर आहे तशीच होती. मी एकदा म्हणालो, "इतक्या तक्रारी करून उपयोग काय झाला?" ती म्हणाली, "मुलगी सुधारली की."

मी लिफ्टचा मिस्त्री. लिफ्टमध्येही हेच असतं. ज्या कंपनीनं लिफ्ट बसवली तिचाच माणूस लिफ्टला हात लावणार, पाना कंपनीचा, सुटे भाग कंपनीचे. लोक मला शिव्या द्यायचे, पण बोलवायचेही मलाच. बायको हे मला चिडवायला वापरायची. "तुम्ही पण एकटीच कंपनी. दुसरा मिळत नव्हता म्हणून लोक तुमची वाट बघत बसायचे." मग स्वतःच पुढं जोडायची, "मला मात्र मिळत होता हं. मला चॉइस होता." हा विषय निघाला की तिच्या बहिणी हसायला लागायच्या. तिला त्याच आठवड्यात अजून एक स्थळ आलं होतं, वजनमापं तपासणारा सरकारी माणूस, गोरा, चष्म्याचा. त्याच्या घरी सगळे कुजबुजत बोलायचे म्हणे. मी तिला बघायला तिच्या घरी गेलो तो हाताला ग्रीस घेऊनच, साबणानं धुतलं तरी नखात राहिलेलं. मी पाण्याचा पेला घेतला आणि तो घसरला. तिनं मला घेतलं. का घेतलं हे मी बऱ्याचदा विचारलं. ती वेगवेगळी उत्तरं द्यायची. एकदा म्हणाली, त्या माणसाच्या तराजूत बसायची मला भीती वाटली. एकदा म्हणाली, तुम्ही पेला पडल्यावर आधी माझे पाय बघितले, काच लागली का ते. एकदा नुसतंच म्हणाली, चुकून. मला तिन्ही उत्तरं आवडायची, त्यामुळं खरं कुठलं ते ठरवायची घाई मी केली नाही.

चित्र थांबण्याबद्दल सांगायचं तर ती शेवटच्या वर्षातली गोष्ट. तिच्या फुप्फुसात पाणी व्हायचं, काढावं लागायचं, पुन्हा व्हायचं. लेकीला आजार माहीत होता. किती आहे ते बायको रोज संध्याकाळी स्वतः ठरवायची. साडेसातच्या आधी ती तोंड धुवायची, मागे उशी लावून ताठ बसायची, आणि चित्र लागलं की तिच्या आवाजाला काहीही झालेलं नसायचं. इस्पितळाच्या टेलिफोनवरचा सूर. "अगं, मी ठीक आहे, तुझ्या बाबांनाच विचार, मला बोलू देत नाहीत." मग चित्र थांबायचं. लेकीचं तोंड उघडं, डोळा मिटलेला. त्या क्षणी बायको उशीवर मागे पडायची. श्वास ओढायची, खोकायची, माझा हात शोधायची. मी तिची पाठ चोळायचो. कधी ती म्हणायची, पाणी. कधी काही म्हणायची नाही. आम्ही दोघं समोरच्या त्या थांबलेल्या चेहऱ्याकडे बघत बसायचो. तो आमच्याकडे बघत नसायचा, म्हणून बरं वाटायचं. "पोरगी माझ्यावर गेलीय," ती एकदा म्हणाली, "तोंड बंद ठेवता येत नाही." आणि आम्ही हसलो, आणि हसल्यामुळं तिला पुन्हा खोकला आला, आणि तेवढ्यात लेक हलली, "हॅलो, आई? गेला होता का गं आवाज?" आणि ही ताठ. "हो ना बाई. ही कंपनी म्हणजे!" त्याच दिवसांत तिनं शेवटची तक्रार नोंदवली. मी म्हणालो, "राहू दे, थांबतं तेच बरंय तुला." ती म्हणाली, "मला बरंय. तिला बरं नाहीये. तिला मी पूर्ण दिसायला पाहिजे." पूर्ण दिसायचं आणि अर्धं लपवायचं, दोन्ही तिला एकाच वेळी हवं होतं, आणि दोन्ही ती मनापासून करत होती.

ती गेली. इस्पितळात गेली, सकाळी. लेक विमानात होती. तक्रार तशीच राहिली. कंपनीचा नियम असा की ग्राहक हो म्हणाल्याशिवाय तक्रार बंद करता येत नाही, आणि म्हणून दर आठवड्याला त्यांचा फोन येतो. पहिला आला तेव्हा धाकटीच होती. मी तिला सांगितलं. मला वाटलं आता ती ते दिलगीर आहोत म्हणेल. ती म्हणाली, "काका, त्या मला म्हणायच्या, फोन ठेवताना आधी तू ठेवू नकोस, समोरच्याला ठेवू दे. मी तसंच करते आता. सगळ्यांना." मग ती थांबून राहिली आणि मला फोन ठेवता येईना. शेवटी तिनंच हळूच विचारलं, तक्रार बंद करू का. मी म्हणालो, नको. ते मी विचार करून म्हणालो नव्हतो. पुढच्या आठवड्यातही नको म्हणालो, त्याच्या पुढच्याही. बायकोनं जगात सुरू केलेलं बाकी सगळं एकेक करून बंद होत होतं, तिचं वाचनालय, तिचं बँकेचं खातं, तिची औषधं. हे एक चालू होतं. कुठल्यातरी ऑफिसात, कुठल्यातरी पडद्यावर तिच्या नावापुढं अजून लिहिलेलं होतं, काम चालू आहे. असं मी स्वतःला सांगायचो, आणि ते खोटंही नव्हतं. पण मला ती तक्रार दुसऱ्याही कामाला यायची. लेक रोज बोलता बोलता त्या दिवसाजवळ यायची, शेवटच्या सकाळजवळ. आधी औषधांचं विचारायची, मग नर्सचं, मग, बाबा, तेव्हा आई. आणि मग एकतर चित्र थांबायचं, नाहीतर मी म्हणायचो, थांबलं बघ, तक्रार दिलीय, करतील दुरुस्त. कितीतरी वेळा खरोखर थांबलेलं नसायचं. मीच न हलता बसून राहायचो, पापणीही न हलवता, म्हणजे तिला तिकडे वाटावं की लाइन गेली. एवढा मोठा माणूस, टेबलाशी बसून फोटो झाल्याचं सोंग करत होता.

मग दुसरी कंपनी आली. जिन्यात भोकं पाडायचा आवाज सुरू झाला आणि एक तरतरीत मनुष्य दारात उभा राहिला, गळ्यात पट्टा, हातात रंगीत कागद. "काका, अभिनंदन! आता तुम्हाला चॉइस आहे." मी म्हणालो, "कशाचा?" "इंटरनेटचा! आता त्यांच्या मर्जीवर राहायचं नाही. आवडलं नाही, सोडून द्या. आम्ही आवडलो नाही, आम्हाला सोडा!" तो खरंच आनंदात होता. खालचे बँकवाले त्याच्या मागे पायरीवर उभे होते, त्यांच्या चेहऱ्यावर सुटून आल्यासारखं काहीतरी होतं. मला म्हणाले, "वहिनी असत्या तर आज पेढे..." आणि मग गडबडून, "म्हणजे काहीतरी गोड वाटलं असतं त्यांनी." वाटलंच असतं. मी कागद घेतला, ठेवून दिला. आणि तिसऱ्याच दिवशी आपली जुनी कंपनी जागी झाली. इतकी वर्षं ज्यांना आमचा पत्ता सापडत नव्हता, ते तिघं सकाळीच दारात, शिडी, ड्रिल, नवी वायर. बूट बाहेर काढून आत आले. एकानं तर टेबल पुसूनही दिलं. काम करून जाताना म्हणाला, "आता अडणार नाही काका. आता अडून चालायचं नाही आम्हाला." बायको जे इतकी वर्षं मागत होती ते त्यांनी चहा व्हायच्या आत करून दिलं. मी दार लावलं आणि मला तिच्या वतीनं राग आला. मग वाटलं, तिला राग आला नसता. तिनं धाकटीला फोन लावला असता आणि म्हणाली असती, बघ, येत होतं ना यांना!

त्याच संध्याकाळी चित्र थांबलं नाही, आणि मी लाल बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटीचा फोन आला. "काका, वायर बदलली ना? आता कसं चाललंय?" "थांबतंय अजून," मी म्हणालो. ती म्हणाली, "काका, मला इथं दिसतंय सगळं. कालपासून एकदाही अडलेलं नाही. पाऊण तास लागोपाठ चालू होतं संध्याकाळी, आणि मग तुमच्याच बाजूनं बंद केलंय." कपाटाच्या दाराला किल्ली लटकत होती ती मी उगाच फिरवत होतो. "तुम्ही त्या नव्या कंपनीकडे जाताय का? जा हवं तर. मी काही म्हणायची नाही. आता सगळेच जातायत थोडे थोडे." "नाही गं, कुठं जातोय मी." "मग एक सांगू, रागावणार नाही ना? ही आमच्याकडची सगळ्यात जुनी उघडी तक्रार आहे. माझ्या नावावर आहे. साहेब रोज विचारतात, या बाईंचं काय झालं. आता ती दुसरी कंपनी आल्यापासून जास्तच. आणि मला त्यांना सांगावंसं वाटत नाही की त्या..." ती थांबली. "मी सांगते, ग्राहकाचं समाधान झालेलं नाही. तसं सांगून चालतं मला. पण तुमची लाइन काय म्हणून खराब आहे ते मला कळू द्या ना काका. वायर बदलली, राउटरचा खोका बदलला. अजून काय बदलू?" तिनं हे कागदावरचं वाचलेलं नव्हतं. मी किल्ली सोडली. बायको असती तर म्हणाली असती, अहो, मुलगी विचारतेय, उत्तर द्या. मी म्हणालो, "वायर चांगली आहे, पोरी. अडचण माझ्या बाजूची आहे." "म्हणजे?" "माझी लेक काहीतरी विचारते. मला सांगता येत नाही. मग मी लाइनवर ढकलतो." पलीकडे तिच्या ऑफिसातले दुसरे आवाज येत होते, कुणीतरी दिलगीर होत होतं. धाकटी म्हणाली, "ते मला इथून दुरुस्त नाही करता येणार काका." "माहीत आहे मला," मी म्हणालो. "कर बंद." "नक्की?" "कर. लेकीला पूर्ण दिसायला पाहिजे, एवढंच तुझ्या काकूचं म्हणणं होतं. आता दिसतंय." तिनं बटणं दाबल्याचा आवाज ऐकू आला. फार नाही, दोनचार. इतकंच लागतं. मग ती वाट बघत राहिली, आणि या वेळी मी फोन ठेवला.

संध्याकाळ व्हायला खूप वेळ लागला. मी टेबल पुसलं. पाण्याचा जग भरून ठेवला. तोंड धुतलं, का कोण जाणे, शर्टही बदलला. खुर्चीवर तिची उशी होती ती काढावी की ठेवावी असं करत शेवटी पाठीशी घेतली. लिफ्टमध्ये माणूस अडकला की सुटका व्हायच्या जरा आधी तो सगळ्यात जास्त घाबरतो, हे मी पाहिलेलं आहे. दार उघडायला लागतं, फटीतून उजेड येतो, आणि तो मागे सरकतो. मला तेव्हा त्याचं हसू यायचं. लेकीचा फोन आला. तिनं आज पाव घेतला नव्हता, केसही वाळलेले होते. नुसती बसली होती. कामाचं थोडं बोलली, हवेचं बोलली. "जेवलात?" "जेवीन." "काय करताय?" "बसलोय." चित्र इतकं स्वच्छ होतं की तिच्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकताना दिसत होता. तिनं हात एकमेकांत घातले आणि म्हणाली, "बाबा, आईची ती सकाळ कशी होती?"

माझं सगळं अंग पुन्हा आपोआप तसंच झालं. मान, डोळे, टेबलावरचे हात. फोटो. ती बघत राहिली. जरा वेळानं तिनं विचारलं, "थांबलं का चित्र?"

तिचा आवाज बारीक झाला होता. हो म्हणालो असतो तर तिनं मानलं असतं. मानल्यासारखं केलं असतं, आणि उद्या पुन्हा विचारलं असतं, आणि कधीतरी विचारायचं सोडलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "चित्र चालू आहे. मीच थांबलोय."

"बरं," ती म्हणाली. "मला घाई नाही."

घड्याळाचा काटा सरकत होता. मी पाणी प्यालो, तिच्यासमोरच. मग म्हणालो, "सकाळी जाग आली तिला. बरी होती. मला म्हणाली, पोरगी येतेय, माझे केस विंचरा."

"तुम्ही?"

"मग काय. मी कधी विंचरलेत कुणाचे? नर्सला बोलावतो म्हटलं, तर नको म्हणाली. फणी हातात दिली. केस तरी किती राहिले होते, पण गुंता होता. मी शेंड्याकडून सोडवत आलो. दुखतंय का विचारलं, तर म्हणाली, तुम्ही लिफ्ट दुरुस्त करताय का? हळू करा, कोसळणार नाहीये." लेकीनं तोंडावर हात धरला. ती हसत होती, आणि डोळे भरले होते. मी बोलत राहिलो. "मग भांग पाडला. तो वाकडा झाला. तिला आरसा हवा होता, दिला. बघितलं तिनं बराच वेळ. मी म्हटलं, पुन्हा पाडतो. म्हणाली, असू दे, पोरीला कळेल कुणी पाडलाय ते. आणि डोळे मिटून पडली. मी फणी धुवायला गेलो होतो. तेवढ्यातच गेली."

लेक बराच वेळ रडली. मी कुठं गेलो नाही, तिथंच बसून होतो, आणि तिला मी दिसत होतो. मग तिनं टॉवेल घेऊन नाक पुसलं आणि विचारलं, "वाकडा म्हणजे कुठल्या बाजूला?"

मी डोक्यावर हात नेऊन दाखवलं, कपाळापासून मागे, जसा गेला होता तसा. तिनंही स्वतःच्या केसांत बोट घातलं आणि ते माझ्याबरोबर सरकवत नेलं. मग माझ्या लक्षात आलं की तिला हे उलटं दिसत असेल.

"डावीकडे गं," मी म्हणालो. "तिच्या डावीकडे."